ऑरेंज लाइनवरून दिसणारं नागपूर आणि न दिसणारा महाल

तर झालं असं, की दिवाळीनंतर पुण्याचा भाचा चार दिवस आमच्याकडे आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाला, "मामा, नागपूर दाखव ना. पण गाडीवर नको. मेट्रोची एकच लाइन धरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात जेवढं दिसेल तेवढं शहर."

म्हटलं चाल. पत्रकारितेत वीसेक वर्षं काढली, शहराच्या इतिहासावर अधूनमधून लिहितो, एवढं तर जमेल. आम्ही महालात राहतो. महालाला मेट्रोचं स्टेशन नाही, त्यामुळे ऑटो करून बर्डीला गेलो, तिथून खापरीला, आणि खापरीवरून खरा प्रवास सुरू केला. ऑरेंज लाइन. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दक्षिण ते उत्तर.

त्या दिवशी पोराला मी इतिहास सांगत होतो, पण शिकलो मीच जास्त. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

खापरीकडे मेट्रो जमिनीवरूनच धावते. आजूबाजूला मिहान, कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधे मोकळी जमीन. हे सगळ्यात नवं नागपूर. मग एअरपोर्ट येतं. आपल्यासाठी ते सोनेगाव विमानतळ. भाच्याला विचारलं, इथं रात्री बारा वाजता काय व्हायचं माहीत आहे का? १९४९ मध्ये आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपुरात भेटायची. इथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. देशाच्या चार कोपऱ्यांतल्या चिठ्ठ्या सोनेगावच्या अंधारात एकमेकींना ओलांडून जायच्या. नागपूर मध्यभागी आहे याचा इतका सरळ उपयोग त्याआधी कुणी केला नसेल.

पुढे वर्धा रोड. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर आपण. छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल या कामासाठी पाडला, ते आठवत असेलच. अजनीपाशी तुरुंगाच्या उंच भिंती आणि रेल्वेचा पसारा. हे पटकन मागे जातं.

राहाटे कॉलनीला मात्र मी भाच्याला म्हटलं, इथं उतरून पश्चिमेला गेलं की दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६. ही तारीख महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती इथं. पण त्याच्या अठरा दिवसांनंतरची तारीख फारशी कुणी काढत नाही. १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, मग मध्य प्रदेशची राजधानी, आणि एका सकाळी राजधानीच नाही. म्हणजे आज जगभरातून माणसं ज्यासाठी नागपूरला येतात ते ठिकाण, आणि नागपूरनं गमावलेलं स्थान, यांत तीन आठवड्यांचंही अंतर नाही.

याचा एक धागा पुढच्याच स्टेशनवर सापडतो. काँग्रेस नगर. डिसेंबर १९२० मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यावरून वस्तीला हे नाव पडलं. असहकाराचा ठराव पक्का झाला तो या अधिवेशनात. गांधीजींच्या विरोधात उभे राहिलेले जिना काँग्रेसपासून दूर झाले ते इथूनच. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत समाजाची परिषद झाली होती. अध्यक्ष होते राजर्षी शाहू महाराज, आणि तिशीतले आंबेडकरही होते. एकाच वर्षी, एकाच शहरात, देशाच्या पुढच्या राजकारणाचे दोन रस्ते निघाले.

आणि धागा म्हणालो तो असा. काँग्रेसच्या प्रांतिक समित्या इंग्रजांच्या प्रांतांप्रमाणे न ठेवता भाषेप्रमाणे कराव्यात, हेही ठरलं याच नागपूर अधिवेशनात. भाषेप्रमाणे प्रांत ही कल्पना तिथून जोर धरत गेली, आणि छत्तीस वर्षांनी त्याच कल्पनेनं नागपूरची राजधानी नेली. भाचा हसला. म्हणाला, "म्हणजे मामा, ठराव तुमच्याच गावात झाला ना?" म्हटलं, हो राजा, आमच्याच.

मग आलं सीताबर्डी. दोन्ही लाइनी इथं मिळतात. गर्दी, सरकते जिने, खाली मार्केटचा गलका. आणि समोर टेकडी. टेकडीवर किल्ला, लष्कराच्या ताब्यातला. वर्षातले मोजके दिवस सोडले तर तो आपल्यासाठी बंदच असतो.

इथं थोडं थांबावं लागेल, कारण या टेकडीवर आपल्या शहराचं नशीब फिरलं.

१८१७ साल. नागपूरच्या गादीवर आप्पासाहेब भोसले. आदल्याच वर्षी, १८१६ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. पण मन बदललं. ५ नोव्हेंबरला पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेब सुभा ही पदवी जाहीर दरबारात घेतली. म्हणजे कोणत्या बाजूला आहोत ते सांगूनच टाकलं. इंग्रजांचा रेसिडेंट जेनकिन्स टेकडीच्या पश्चिमेला राहायचा. त्यानं आपली दीड हजारांच्या आसपासची फौज दोन्ही टेकड्यांवर चढवली. भोसल्यांचं सैन्य त्याच्या कितीतरी पट.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळागोळी सुरू झाली. रात्रभर चालली. २७ च्या सकाळी भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी जिंकलीसुद्धा. तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू झाला. तेव्हा इंग्रजांच्या घोडदळानं खालच्या मैदानात मुसंडी मारली आणि पारडं फिरलं. लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, टेकडी परत गेली. दुपारपर्यंत संपलं सगळं.

शाळेत आपण एवढंच शिकलो. सीताबर्डीची लढाई, नोव्हेंबर १८१७, इंग्रज जिंकले. मीही कितीतरी वर्षं एवढ्यावरच थांबलो होतो. याच्या पुढची गोष्ट नंतर सांगतो, कारण ती या लाइनवर नाही.

गाडी पुढे निघाली. झिरो माइल. हे स्टेशन आणि पुढचं कस्तूरचंद पार्क २०२१ मध्ये सुरू झालं. दगडाचे चार घोडे आणि एक खांब, नागपूरला आलेला प्रत्येक पाहुणा इथं फोटो काढतो आणि आपण छाती फुगवून सांगतो, हा भारताचा मध्यबिंदू. माझ्या मित्रांनो, रागावू नका, पण तसं सिद्ध करणारं काही त्या खांबात नाही. १९०७ मध्ये सर्वेक्षण खात्यानं उंची मोजण्यासाठी पक्की खूण म्हणून तो उभारला. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर कोरली आहे, १०२०.१७१ फूट. खाली हैदराबाद, चांदा, जबलपूर अशा गावांची अंतरं मैलांत. इंग्रजांना देश मोजायचा होता, कर आणि रस्ते आणि कालवे काढायचे होते, त्याचं ते साधन. मध्यबिंदू आपण नंतर त्याला चिकटवला.

इथूनच विधानभवनाचा घुमट दिसतो. राजधानी गेली, त्या बदल्यात हिवाळी अधिवेशन मिळालं. १९५३ च्या नागपूर करारातला शब्द. दर डिसेंबरात मोर्चे येतात, रस्ते बंद होतात, आपण वैतागतो. पण २३ नोव्हेंबर १९९४ ची संध्याकाळ विसरू नये. आदिवासी म्हणून सवलती मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. बाया आणि लेकरंच जास्त. चौकात त्यांचं स्मारक आहे. सेल्फी काढायला घोड्यांपर्यंत जाणाऱ्यांनी चार पावलं तिकडेही टाकावीत. मी तेव्हा शाळकरी होतो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पेपर उघडला आणि न वाचताच घडी घालून ठेवला, एवढं मला आठवतं.

कस्तूरचंद पार्कचं मैदान कस्तूरचंद डागांच्या नावानं. सभा, सर्कस, प्रदर्शनं, सगळं इथं झालं. २०१८ मध्ये मैदानात काम सुरू असताना जमिनीखालून जुन्या तोफा निघाल्या होत्या. बर्डीच्या लढाईचं रान इथून फार दूर नाही.

गड्डीगोदामला भाच्यानं मोबाइल काढला. इंजिनिअर ना! खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. चार मजले वाहतुकीचे. पुढे कडबी चौक, इंदोरा. इंदोऱ्यानं नागपूरला काय दिलं हे वेगळ्या पोस्टचं काम आहे. दलित चळवळीचा हा कणा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांचं स्मारक इथं आहे. त्यापुढे नारी रोड आणि शेवटी ऑटोमोटिव्ह चौक. हा सगळा रस्ता कामठीचा. १८२१ मध्ये इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली. नागपूर ताब्यात ठेवायला फौज हवी, आणि फौजेला शहराशी जोडणारा रस्ता हवा.

शेवटच्या स्टेशनवर उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ऑरेंज लाइन म्हणजे काय? उत्तरेला छावणीचा रस्ता. मधे किल्ला, रेसिडेन्सीचा भाग, सचिवालय, विधानभवन. मग रेल्वे, तुरुंग, विमानतळ, मिहान. १८१७ नंतर या शहरातली सत्ता आणि पैसा ज्या रेषेवर सरकत गेला, बरोबर त्याच रेषेवर मेट्रोचे खांब उभे आहेत. यात कुणाचं कारस्थान नाही. मोठे रस्ते जिथं होते तिथं मेट्रो आली. पण ते रस्ते तिथं का होते, याचं उत्तर बर्डीच्या टेकडीवर आहे.

आणि त्याआधीचं शहर? भाच्यानं अगदी हाच प्रश्न विचारला. "मामा, राजाचं गाव कुठं आहे मग? यात कुठं दिसलंच नाही."

बर्डीला परत आलो. ऑटो केला नाही. म्हटलं, चल, पायी जाऊ.

बर्डीवरून लोहापुलाखालून निघालो. डोक्यावर रेल्वे. १८६७ मध्ये मुंबईकडून गाडी नागपूरला पोहोचली आणि या रुळांनी शहराचे दोन भाग केले. पुलाच्या त्या बाजूला साहेबांचं नागपूर, या बाजूला आपलं. आजही आमच्याकडे म्हातारी माणसं "पुलापलीकडे जाऊन येतो" म्हणतात.

पुढे कॉटन मार्केट. डाव्या हाताला पूर्वी एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केलेली. टाटांच्या सगळ्या कारखान्यांची आई म्हणा. मुंबईत न काढता नागपुरात काढली, कारण कापूस इथं, रेल्वे इथं. तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. आमच्या गल्लीतली अर्धी घरं मिलच्या भोंग्यावर उठायची. आता तिथं मॉल आहे.

मग शुक्रवारी तलाव, म्हणजे जुम्मा तलाव, आता गांधीसागर. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेड्यांचं मिळून हे शहर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं तलाव बांधला, शहराला कोट घातला. त्या कोटाचा एक दरवाजा म्हणजे जुम्मा दरवाजा. आपण त्याला गांधी गेट म्हणतो. पुढे रघुजी भोसले आले, त्यांचा राजवाडा झाला, आणि या भागाचं नाव पडलं महाल.

गांधी गेटपाशी मी भाच्याला थांबवलं आणि मघाशी अर्धी ठेवलेली गोष्ट सांगितली.

२७ नोव्हेंबरला बर्डीची लढाई संपली, पण नागपूर पडलं नव्हतं. इंग्रजांची जादा कुमक आली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेन्सीत जाऊन स्वाधीन झाले. राजाच गेला. तरी त्यांच्या अरब शिपायांनी शस्त्रं ठेवली नाहीत. ते महालात, कोटाच्या आत, वाडे आणि गल्ल्या धरून बसले. इंग्रजांनी तोफा आणून कोटाला खिंडार पाडलं आणि २४ डिसेंबर १८१७ ला जुम्मा दरवाजावर हल्ला केला. आणि तो हल्ला परतवला गेला. जनरल डव्हटनच्या फौजेला मागं फिरावं लागलं. शेवटी वाटाघाटी झाल्या, आणि डिसेंबर संपता संपता अरब शहराबाहेर पडले.

ज्या दरवाजाखालून मी शाळेत गेलो, ट्युशनला गेलो, आजही दूध आणायला जातो, तिथं हे झालं. मला वयाच्या पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. पत्रकार असून. एका जुन्या गॅझेटियरची पानं चाळताना सापडलं तेव्हा लाज वाटली.

भाचा दरवाजाकडे बघत राहिला. वरच्या दगडी बांधकामाकडे, खालून हॉर्न मारत जाणाऱ्या ऑटोंकडे. म्हणाला, "मग मामा, बर्डीची लढाई एक महिना चालली म्हण ना." मी वीस वर्षं लिहितोय, मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लहानग्या तिसऱ्या रघुजींना गादीवर बसवलं. ते ११ डिसेंबर १८५३ ला वारले, मुलगा नव्हता. डलहौसीनं दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. दागदागिने विकायला कलकत्त्याला गेले. १८६४ मध्ये राजवाड्याला आग लागली, नगारखाना तेवढा वाचला.

आता एक योगायोग बघा. खापरी ते बर्डी ही लाइन मार्च २०१९ मध्येच सुरू झाली होती. पण बर्डीच्या पुढचे राहिलेले टप्पे सुरू होऊन पहिल्या टप्प्याची मेट्रो पूर्ण झाली, पंतप्रधान आले, समृद्धी महामार्गाचंही उद्घाटन झालं, तो दिवस होता ११ डिसेंबर २०२२. राजाच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर १६९ वर्षं झाली. ठरवून नव्हतंच. त्या दिवशी मीही बातमी केली, मलाही तारीख लक्षात आली नाही. मग दुसऱ्यांना काय बोलू?

मेट्रोचा मला राग नाही, हे नीट समजून घ्या. उन्हाळ्यात थंडगार डब्यात बसून खापरीला जातो तेव्हा मलाही बरं वाटतं. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, ट्रान्सपोर्ट नगरकडे जाणार आहे. जाऊ द्या, तिकडच्या कामगारांना गरज आहे. महालाच्या गल्ल्यांत खांब उभे करायची मागणी मी करणार नाही, उरलेसुरले वाडेही त्यात जातील.

पण काळजी एका गोष्टीची वाटते. बाहेरून येणारा माणूस आता शहर स्टेशनांच्या यादीवरून ओळखतो. आपली पोरंसुद्धा. जे यादीत आहे ते नागपूर. महालाची ओळख मग कशी उरते? अरुंद रस्ते, ट्रॅफिक, पार्किंग नाही, आणि टीव्हीवर दंगलीची बातमी आली तर तेवढ्यापुरतं नाव. इकडे दर वर्षी एखादा वाडा पडतो, तिथं तीन मजली फ्लॅट स्कीम होते. वाडा पाडणाऱ्याला मी दोष देत नाही. पाच भावांच्या वाटणीतलं गळकं छप्पर सांभाळणं काय असतं ते आम्ही घरात बघितलंय. पण पडलेल्या वाड्याची कुठं नोंदही राहत नाही, त्याचं वाईट वाटतं.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. सीताबर्डी, कॉटन मार्केट आणि अग्रसेन चौक, महालाला जवळची ही तीन स्टेशनं. तिथं मराठीत एक मोठा नकाशा लावा. स्टेशनवरून जुम्मा तलाव, गांधी गेट, नगारखाना, बडकस चौक, पायी कसं जायचं ते दाखवणारा. दरवाजापाशी २४ डिसेंबर १८१७ ची चार ओळींची माहिती, ठळक, वाचता येईल अशी. आणि ई-रिक्षांना ठरलेली जागा. कोट्यवधींचं काम नाही हे.

आणि सरकारची वाट न बघता आपल्याला करता येईल असं एक. येत्या २४ डिसेंबरला सकाळी सात वाजता मी सीताबर्डी स्टेशनखाली उभा असेन. तिथून लोहापूल, कॉटन मार्केट, जुम्मा तलाव, गांधी गेट असं चालत जाऊ. रमतगमत तासभर लागेल. माहितीचे पैसे नाहीत, भाषण नाही. ज्यांच्या घरात महालातल्या वाड्यांचे, मिलचे जुने फोटो असतील त्यांनी ते आणावेत, मोबाइलवर टिपून घेऊ. पोरांना जरूर आणा.

शेवटी तर्री पोहे माझ्याकडून. पुण्याहून भाचाही येतो म्हणालाय.